हॉर्नेटचं मूळ इंजिन काढलेलं असणं हा फायदा कसा?

विक्रीला आलेल्या १९५२च्या हडसन हॉर्नेट या जुन्या अमेरिकन मोटारीवरचा तुमचा लेख आवडला, पण एक वाक्य खटकलं. मूळ इंजिनाच्या जागी शेवरलेचं आठ सिलिंडरांचं व्ही-८ इंजिन बसवलंय म्हणून गाडी ‘जास्त उपयोगाची’ झाली, असं तुम्ही लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. हॉर्नेटचं सगळं मोठेपण त्या ३०८ घनइंची, सरळ ओळीतल्या सहा सिलिंडरांतच आहे! साइड-व्हॉल्व्हचं (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेलं), तेव्हाही जुनाट समजलं जाणारं इंजिन, आणि १९५२मध्ये नॅसकार या अमेरिकन मोटारशर्यतींच्या मालिकेतल्या ३४ पैकी २७ शर्यती हडसननं मारल्या. वर दोन कार्बोरेटर (हवा-इंधन मिसळणारे भाग) असले की हडसन त्याला ‘ट्विन-एच पॉवर’ म्हणायची.

दुसरं कारण बांधणीचं. दार उघडलं की पाय खाली जातो, कारण गाडीचा तळ चौकटीच्या (चासीच्या) वर नसून चौकटीच्या आत खाली बसवलाय. म्हणून एवढं धूड वळणावर जमिनीला धरून राहायचं. चौकट मागच्या चाकांच्याही बाहेरून जाते. घेणाऱ्यानं आधी तिथे खाली वाकून टॉर्च मारावा. तिथला गंज काढणं फार खर्चाचं काम आहे, रंग आणि क्रोम नंतर बघता येतं.

मी मिशिगनमध्ये राहतो. इथे इप्सिलँटीला हडसनच्या जुन्या डीलरच्या जागेतच संग्रहालय आहे, जमलं तर नक्की या. १९५४मध्ये नॅश या दुसऱ्या मोटार कंपनीबरोबर विलीन होऊन हडसनची अमेरिकन मोटर्स झाली, तेव्हा अशा गाड्या आता नव्यानं बनणार नाहीत. विक्रेत्याकडे मूळ इंजिन पडून आहे का, तेवढं कृपया विचारून सांगाल?