बर्फ वितळला की पाणी वाढतं म्हणे? पेठला जाऊन बघा

चार दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवरून आला. म्हणे काश्मिरात एवढा बर्फ पडलाय मग ग्लोबल वॉर्मिंग कुठंय, आणि बर्फ वितळला तर नद्यांना उलट पाणी वाढेलच की, आणि आपली गोदावरी ब्रह्मगिरीवरून येते, नाशिककरांना हिमालयाशी काय देणंघेणं. आपलीच माणसं पुढे पाठवतायत म्हणून लिहितोय.

बर्फाचं आधी. आठवडाभर पडला आणि पुढच्या उन्हात गेला तर तो हिशोबात धरायचा कसा? जमिनीवर किती दिवस टिकला ते बघावं लागतं. काठमांडूची इसिमोड ही हिमालयाचा अभ्यास करणारी संस्था हेच मोजते. नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकायचं प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्के कमी होतं, तोवरच्या २३ वर्षांतलं सगळ्यात कमी, आणि कमी असण्याचं ते सलग तिसरं वर्ष.

आता वितळला की पाणी वाढतं हे. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, कारण ऐकायला पटतं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांत पाऊस किती पडतो माहितीये ना, दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, तरी उन्हाळ्यात तिथे टँकर लागतात. मागच्या मे मध्ये पेठकडच्या एका पाड्यावर गेलो होतो, एक मावशी विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीने हंडा भरत होत्या, वर सात-आठ हंडे नंबरला लावलेले. पाऊस कमी पडला होता का? नाही, पडलेलं पाणी थांबलंच नव्हतं.

हिमालयात पाणी थांबवायचं काम बर्फ करतो. हिवाळ्यात साठतो आणि एप्रिल ते जून हळूहळू सुटतो, नेमका पावसाळ्याच्या आधी, जेव्हा खाली पाण्याची ओढ असते. हवा तापली की वर बर्फाऐवजी पाऊस पडतो, तो लगेच वाहून जातो, आणि जो बर्फ पडतो तोही लवकर वितळतो. समजा नाशिकच्या गंगापूर धरणातलं पाणी ऑगस्टमध्येच सगळं सोडून दिलं, रामकुंडावर, जिथे लोक पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी येईल, फोटो काढायला गर्दी होईल, पण मे मध्ये नळाला काय येणार?

हिमनद्या वितळून काही वर्षं पाणी वाढतं हे खरंय. पण ते मुद्दल मोडून खाणं झालं. २०११ ते २०२० या दशकात तिथल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने घटल्या, हे पण इसिमोडनेच २०२३ मध्ये सांगितलंय. हिमनदीच लहान झाली की पाणी कमी कमी होत जाणार.

राहिली गोदावरी. तिला बर्फाचं पाणी येत नाही, एवढं त्या मेसेजमध्ये बरोबर आहे. पण सतलज नदी आणि तिच्यावरचं भाक्रा धरण वितळलेल्या बर्फावर बरंच अवलंबून आहे, त्यावर पंजाबचे कालवे चालतात, आणि सरकारच्या गहू खरेदीत पंजाबचा वाटा मोठा आहे, तोच गहू रेशनवर येतो. निफाडच्या द्राक्षवाल्यांना तर वेगळं सांगायलाच नको, तिकडे पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, बर्फ टाकून पुढे सरकला की मागून उत्तरेचा गार वारा इकडे येतो आणि मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी निदान पाणी वाढेल ती ओळ तरी काढा, प्लीज.