सीट भरली म्हणजे मूल टिकलं असं नाही, सर

नमस्कार सर. मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळी न होता वेगळं उत्तर लिहायला बसले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की मेडिकल, नर्सिंग, फिजिओ कुठल्याही कोर्सच्या फर्स्ट इयरच्या मुलाला पहिल्या दोन-तीन महिन्यात 'मी इथला आहे' असं वाटलं पाहिजे आणि ते घडवून आणणं हे कॉलेजचं काम आहे, एकट्या मुलाचं नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं की नीट परीक्षेतून निवडून आलेल्या मुलाला परत बोट धरून चालवायची गरज काय, ज्याला झेपत नाही त्याने जावं, पेशंटच्या जिवाशी खेळ नको. आपलेपणा वगैरे हे अमेरिकेतलं फॅड. तुमच्या वेळी सीनियर जरा रगडायचे आणि त्यातूनच तुम्ही एकमेकांचे झालात. आणि शेवटी, डॉ. कोटणीसांच्या गावात, म्हणजे आपल्या सोलापुरात, मेसच्या जेवणावरून रडणारी पोरं बघून तुम्हाला लाज वाटते. तुम्ही आयुष्यभर फिजिओलॉजी, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं तो विषय, शिकवलीत हेही लिहिलंय, म्हणून तुमचा एकेक मुद्दा नीट घेते.

पेशंटच्या जिवाशी खेळ नको, इथे आपलं भांडण नाहीच. कुणाला अर्ध्या मार्काने पुढे ढकला असं मी कुठे लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला चारच अटेम्प्ट, सगळ्या कोर्सला मिळून नऊ वर्षं, थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी, सगळं आहे तसंच राहू दे. नर्सिंगला तर क्लिनिकलचे राहिलेले तास भरून 100 टक्के केल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही, तेही बरोबर आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की या सगळ्यातून जे पोरगं गळतं ते खरंच कुवत कमी म्हणून गळतं का? कॉलेजात मुलांच्या अडचणी बघणं हे माझं काम, आणि माझ्या टेबलासमोर बसून 'मॅडम, मला दाखला काढायचाय' म्हणणाऱ्या मुलांशी तासभर बोलून बघितलं की मला तरी तसं वाटत नाही.

एक उदाहरण देते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली मुलगी, घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, आई घरी विड्या वळते. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. गावातलीच म्हणून हॉस्टेल नाही, रोजचं येऊन-जाऊन. आपल्याला वाटतं गावातलं पोर, घरचं जेवण, आईवडील जवळ, हिला कसला आलाय एकटेपणा, खरी काळजी लांबून आलेल्या हॉस्टेलच्या पोरांची. पण बघा की काय होतं ते. चार-साडेचारला प्रॅक्टिकल सुटलं की ही बॅग उचलून घरी, आणि फर्स्ट इयरचं खरं शिक्षण सुरू होतं ते रात्री मेस झाल्यावर हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये. कुठल्या सीनियरचं जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, नीट आहे, वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कोण काय विचारतं, ॲनाटॉमीच्या पार्ट एंडिंगला, म्हणजे एकेक भाग संपल्यावरच्या परीक्षेला, कुठला प्रश्न फिरून फिरून येतो, कुठलं पुस्तक विकत घ्यायचं आणि कुठलं लायब्ररीत चाळलं तरी चालतं, हे सगळं तिथे एकमेकांकडून कळत जातं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, रात्री नऊला कॉमन रूममध्ये डिस्कशन. ही नऊला कशी येणार? घरी दोन खोल्या, कारखान्यात द्यायच्या विड्या पूर्ण करायची आईची घाई, धाकटी भावंडं, त्यातच कोपऱ्यात बसून इंग्रजी पुस्तकातलं एकेक पान डिक्शनरी घेऊन वाचायचं. वर्गात शंका विचारायची तर जीभ अडखळते, वायवात उत्तर येत असून गप्प, आणि इंटर्नलचे मार्क बघून शेरा काय तर 'नॉट सीरियस'. ती पोरगी रात्री दीडपर्यंत वाचत होती ओ सर. फक्त काय वाचायचं हे सांगणारं तिला कुणी नव्हतं.

तिच्यासाठी काय केलं तेही सांगते, म्हणजे बोट धरणं कशाला म्हणतात ते तुम्हीच ठरवा. डिसेक्शनची टेबलं रोल नंबरनेच ठेवली, पण अभ्यासाचे गट मुद्दाम मिसळले, प्रत्येक गटात दोन तरी येऊन-जाऊन करणारे, आणि गटाने बसायचं ते चार ते सहा, लायब्ररीशेजारच्या खोलीत. वायवाची प्रॅक्टिस आधी मराठीत सांग, मग तेच इंग्रजीत सांग अशी. फायनल इयरची दोन मुलं त्या खोलीत आळीपाळीने येतात. बास, एवढंच. परीक्षा तीच, पेपर तोच. ती पास झाली आणि आता वॉर्डात पोस्टिंग करते, तेलुगू बोलणाऱ्या आज्ज्या पेशंट असल्या की सगळ्यात आधी हिलाच हाक मारतात. सोलापूरच्या ओपीडीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही कानावर पडतात, अशा गावात ही मुलगी फर्स्ट इयरला सोडून गेली असती तर नुकसान तिचं एकटीचं झालं नसतं.

आता सीटचं बघा. तुम्ही म्हणता एका सीटवर सरकारचा किती पैसा जातो, तो न झेपणाऱ्यावर कशाला घालवायचा. सर, म्हणूनच तर सांगतेय. ॲडमिशनची शेवटची तारीख होऊन गेल्यावर एखादं पोरगं निघून गेलं की ती एमबीबीएसची सीट दुसऱ्याला देता येत नाही. ती कोर्स संपेपर्यंत रिकामीच. शिक्षक तेवढेच, लॅब तेवढीच, फक्त एक डॉक्टर कमी. जावं म्हणणं सोपं आहे, पण त्या जागेवर दुसरं कुणी येत नाही.

फॅडचं म्हणाल तर पुस्तकातून लोक हे लई आधीपासून सांगतायत. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1975 मध्येच मांडलं होतं की कॉलेज सोडण्याचं कारण नुसतं मार्कात शोधू नका, अभ्यासात आणि माणसात मूल किती मिसळलंय ते बघा. 2011 मध्ये वॉल्टन आणि कोहेन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला, नव्या मुलांना जेमतेम तासाभराच्या बैठकीत एवढंच समजावलं की सुरुवातीला परकं वाटणं सगळ्यांनाच होतं आणि ते हळूहळू जातं, तर तिथल्या कृष्णवर्णीय मुलांचे मार्क पुढची तीन वर्षं सुधारलेले दिसले. पण मला हे सांगायला अमेरिकेत जायची गरजच नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून बोर्डिंगं कशाला काढली? आणि आपल्या सोलापुरात 1925 च्या जानेवारीत बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह सुरू केलं, ते कशासाठी? शाळेत नाव घालून भागत नाही, जेवणाची, झोपायची, वह्या-पुस्तकांची सोय आणि आपल्यासारखी चार पोरं सोबत असल्याशिवाय मूल टिकत नाही, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. या गावात बसून या गोष्टीला फॅड म्हणालात याचं मला खरंच वाईट वाटलं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सचा 2024 चा अहवाल तुम्ही बघा अशी विनंती आहे. पंचवीस हजारांवर एमबीबीएसच्या मुलांनी त्यांचा ऑनलाइन सर्व्हे भरला, त्यातल्या 35 टक्के मुलांनी सांगितलं की एकटेपणा नेहमी किंवा वारंवार वाटतो. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेली मुलं यूजीत, म्हणजे एमबीबीएसला, 16.2 टक्के आणि पीजीत, म्हणजे त्यापुढच्या शिक्षणात, 31.2 टक्के. आता ज्याला त्रास आहे तोच असला सर्व्हे जास्त भरणार हे धरून चाला, तरी हे आकडे बाजूला सारण्यासारखे आहेत का? ही सगळी तीच मुलं आहेत जी नीटमधून निवडून आलीत. चोवीस तास चालू असणारी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, हा नंबर आम्ही हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर लावलाय. पण नंबर लावून काम होत नाही, मूल नंबर फिरवतं ते कुणीतरी आधी विचारलेलं असलं तर.

रगडण्याबद्दल मात्र मी मवाळ बोलणार नाही. तुमच्या आठवणीत ते गोड असेल, पण ती आठवण टिकलेल्यांची आहे. जे त्या वर्षी बॅग भरून गावी गेले ते गेट-टुगेदरला येत नाहीत, त्यांचं कुणी ऐकलेलंच नाही. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारापर्यंत दंड, आणि शिक्षा झाली की कॉलेजातून काढून पाच वर्षं दुसरीकडे कुठेही प्रवेश नाही. 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या शिकाऊ डॉक्टरने जीव दिला, सीनियरनी छळल्याचा आरोप झाला. प्रकरण कोर्टात गेलेलं आहे, त्यावर मी बोलत नाही, पण त्यानंतर कुठल्याही मेडिकल कॉलेजशी संबंध असलेल्या माणसाने 'जरा रगडलं तर काय झालं' असं लिहू नये असं मला मनापासून वाटतं. सीनियरशी नातं व्हायलाच पाहिजे, त्याशिवाय फर्स्ट इयर निघत नाही, पण ते जर्नल देऊन, पोस्टिंगला सोबत नेऊन, सलाइन कशी लावायची ते दाखवून होतं.

आणि कोटणीस. सर, त्यांचं नाव घेतलंत म्हणून सांगते. 1938 मध्ये ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले ते एकटे गेले नव्हते, पाच डॉक्टरांचं पथक होतं, अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले कोटणीस. तिथे गेल्यावर ते चिनी भाषा शिकले, त्या लोकांतले झाले, तिथेच लग्न केलं आणि वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच गेले. परक्या मुलखात ते टिकले कारण त्या माणसांनी त्यांना आपलं मानलं आणि त्यांनी त्या माणसांना. कोटणीसांचं उदाहरण माझ्या बाजूने आहे, तुमच्या नाही.

मेसचं रडणंही एकदा जवळून बघा. नर्सिंगच्या मुलींची नाईट सकाळी आठला संपते. हँडओव्हर द्यायचा, रजिस्टर पूर्ण करायचं, कधी रिलीव्हरच उशिरा येते, हॉस्टेलला पोचायला नऊ होतात, आणि मेसचा नाश्ता साडेआठला बंद. मग पोरी बिस्किटाचा पुडा खाऊन झोपणार, दुपारी जेवणाच्या वेळी झोपेत, चारला उठणार, परत आठला ड्युटी. मे महिन्यात, सोलापूरच्या चाळीसच्या वरच्या उन्हात, असं आठवडाभर. त्यातल्या एकीने वॉर्डात चक्कर येऊन पडल्यावर तक्रार केली, तर तिला नाजूक म्हणायचं? नाईटवाल्यांची यादी आदल्या रात्री मेसला द्यायची आणि ताटं झाकून ठेवायची, एवढा साधा उपाय होता, पण तो कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हता. वॉर्डन म्हणणार मेसचं काम, मेसवाला म्हणणार मला वेळ ठरवून दिलीय, हॉस्पिटल म्हणणार हॉस्टेल आमच्याकडे नाही. माझं पद ज्या कामासाठी आहे ते हेच, या सगळ्यांच्या मधे पडलेल्या गोष्टी उचलणं.

एका मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. काही मुलांनी खरंच जावं. वडिलांच्या हट्टापायी आलेलं, रक्त बघून नव्हे, रोज सकाळी ॲप्रन बघूनच ज्याच्या पोटात गोळा येतो असं पोरगं चार वर्षं ओढत न्यायचं नाही. पण जाणंसुद्धा नीट व्हावं. घरच्यांना बोलावून समोर बसवणं, कागदपत्रं वेळेत हातात देणं, पुढे कुठे प्रवेश मिळतो ते बघणं, निघताना मान खाली नको. अशा मुलाला मी थांबवलेलं नाही, आकडा चांगला दिसावा म्हणून तर नाहीच.

बाकीच्यांचं मात्र आधी दिसतं, बघणारं कुणी असलं तर. आपलं विद्यापीठ, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिकला, 1998 पासून सगळ्या राज्याची आरोग्याची कॉलेजं त्याच्याखाली, मुलाला ते दिसतं हॉल तिकिटावर आणि मार्कशीटवर. मुलाचं विद्यापीठ म्हणजे खरं तर त्याची बॅच, त्याचा वॉर्ड, मेसची ती दोन टेबलं. तिथून तो हळूहळू बाजूला व्हायला लागतो. आधी मागच्या बाकावर, मग सकाळचं लेक्चर बुडतं, मग जेवायला उशिरा, सगळे उठल्यावर. कागदावर प्रत्येक कॉलेजात मेंटॉर असतो, रजिस्टरवर सह्याही असतात. पण डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी, लागते टर्म संपता संपता, तेव्हा हजेरी भरून निघायची वेळ गेलेली असते. म्हणून आम्ही सलग तीन दिवस गैरहजर की चौथ्या दिवशी फोन, असं ठरवलंय, आणि फोन क्लार्कने करायचा नाही, मेंटॉरने करायचा, पहिलं वाक्य 'का आला नाहीस' असं नसतं, 'जेवलास का' असं असतं. स्कॉलरशिपचा हप्ता अडकलाय, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज परत आलाय, बापाचं ऑपरेशन आहे, खोलीतल्या पोराशी बोलणं बंद आहे, निम्म्या गोष्टी त्या एका फोनवर कळतात, आणि त्यातल्या बऱ्याच आठवड्याभरात सुटतात.

एक मागणं आहे सर. आमच्या ऑड बॅचच्या, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेल्या, मुलांना फिजिओलॉजी परत शिकवायला माणूस नाही. रेग्युलर बॅचचे तास सांभाळून शिक्षकांना वेळ उरत नाही, आणि या मुलांना वर्गात ज्युनियरच्या शेजारी बसायची लाज वाटते म्हणून ती येतच नाहीत. तुम्ही सोलापुरातच आहात असं प्रतिक्रियेत लिहिलंय. शनिवारी दुपारी दोन ते चार, लायब्ररीशेजारची तीच खोली. मानधन फार देता येणार नाही, चहा आणि येण्याजाण्याची रिक्षा नक्की. कार्डियाकपासून, म्हणजे हृदयाच्या भागापासून, सुरुवात करावी असं मुलांचं म्हणणं आहे. त्यांना शिकवून बघा, आणि त्यानंतरही झेपत नाही त्यांनी जावं असंच वाटलं तर तसं इथे लिहा, मी ते जसंच्या तसं वर लावते.