२१ दिवसांत सवय लागते म्हणे!

जानेवारी आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. २१ दिवस सलग एखादी गोष्ट करा, २२व्या दिवसापासून ती आपोआप होते, मधे एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा १ पासून, हे सायन्सनं सिद्ध झालंय, आणि तरीही नाही जमलं तर तुमचीच इच्छाशक्ती कमी. यंदा काकांनी टाकलाय, उगवत्या सूर्याच्या फोटोसकट. काकांचा मान राखून बोलतो.

आधी तो २१चा आकडा. तो मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आलाय. त्याचं म्हणणं एवढंच की ऑपरेशन झालेल्या पेशंटला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण किमान २१ दिवस जातात. आता नवं नाक अंगवळणी पडणं आणि साताऱ्याच्या थंडीत पहाटे साडेपाचला रजई फेकून अजिंक्यतारा चढणं, एकच आहे का? आणि तो ‘किमान’ फॉरवर्ड होता होता कुठं गळला देव जाणे.

सायन्सचं म्हणाल तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना ८४ दिवस बघितलं, प्रत्येकानं खाण्यापिण्याची नाहीतर व्यायामाची एक गोष्ट निवडून रोज ठरलेल्या वेळी, म्हणजे नाष्ट्यानंतर वगैरे, करायची. ती गोष्ट किती आपोआप व्हायला लागली याचा आलेख ज्यांचा नीट बसला अशा ३९ जणांत सवय लागायला कुणाला १८ दिवस, कुणाला २५४, मधला आकडा ६६. त्यातही २५४ म्हणजे आलेख पुढं ओढून काढलेला अंदाज, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा. तेव्हा आता ‘६६ दिवस करा’ असा नवा मेसेज कृपा करून बनवू नका.

खरी चीड येते ती ‘पुन्हा १ पासून’ची. एका वर्षी मी असाच ११-१२ दिवस सलग किल्ल्यावर गेलो, मग पालच्या खंडोबाची यात्रा आली, मध्यरात्री भंडाऱ्यानं माखून घरी, सकाळी कसला उठतोय. मोजणी परत १ वर आली आणि मूडच गेला राव, पुन्हा किल्ला चढलो तो थेट जूनमधे, तेही पाव्हण्यांना दाखवायला. आणि त्याच लंडनच्या अभ्यासात दिसलंय की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही! म्हणजे माझं नुकसान यात्रेनं नाही, मेसेजनं केलं.

राहिली इच्छाशक्ती. आई रोज तुळशीला पाणी घालते, तिनं कुठं चार्ट लावलाय? आंघोळ झाली की हात तांब्याकडं जातोच. मीही यंदा पहाटेचा नाद सोडलाय, ऑफिस सुटलं की घरी बॅग टाकायची आणि न बसता तसंच साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत जायचं. परवा पाव्हणे आले, राहिलं. काल गेलो.