दारं लावून कोळसा पेटवू नका : इथिओपियाच्या कॉफीविषयीचा तो संदेश

‘इथिओपियाची तीन कपांची कॉफी’ असा एक लांबलचक संदेश सध्या फिरतोय. माझ्या मावशीने तो पाठवला आणि खाली विचारलं, “लाकडी कोळसा कुठे मिळेल गं?” म्हणून हे लिहायला बसले. संदेशाचं म्हणणं असं : हा ३००० वर्षांपूर्वीचा विधी आहे, दारं-खिडक्या लावून शेगडीवर कॉफी भाजायची, निखाऱ्यावर ऊद टाकायचा, त्या धुराने खोली निर्जंतुक होते, कॉफी उपाशीपोटी, सोबत काहीही न खाता घ्यायची, तिसऱ्या कपात कॅफीन उरत नाही, म्हणून तो गरोदर बायकांनाही चालतो, आणि महिनाभरात रक्त वाढतं.

सगळ्यात आधी कोळसा, कारण बाकीच्या चुकांनी अपाय होईल, पण या चुकीने जीव जाईल. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग ग्लानी येते, आणि माणसाला वाटतं दमलोय, जरा पडावं. तिथेच घात होतो. “निखारे लाल झाले, धूर थांबला, आता धोका नाही” हा समज तर पूर्ण चुकीचा. धूर थांबला तरी वायू निघतच राहतो. उत्तरेत अंगीठी पेटवून दार लावून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या याच वायूमुळे.

मुळात दार लावणं हे या कॉफीत बसतच नाही. ‘बुना’ म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून तास-दोन तास गप्पा मारत प्यायची कॉफी. जमिनीवर ताजं गवत पसरतात, बिया भाजून झाल्या की तवा पाहुण्यांपुढे फिरवतात, प्रत्येकजण तो सुवास हाताने ओढून घेतो. शेगडी घरातही असते, हे मान्य. पण तिथल्या घरांतला चुलीचा आणि कोळशाचा धूर हा आरोग्याचा खरा प्रश्न आहे, त्याला औषध कसं म्हणायचं? ऊदाचंही तेच. तिथला ऊद म्हणजे आपल्या सालईच्या कुळातल्या झाडाचा डिंक. निखाऱ्यावर त्याचे दोन-चार खडे वासासाठी टाकतात. धुराने खोली निर्जंतुक होत नाही, दमेकऱ्याला धाप मात्र लागते.

हौस असेल तर गॅसवर करा, खिडकी उघडी ठेवून. सहा छोट्या कपांना मूठभर, साधारण ५० ग्रॅम, हिरव्या बिया पुरतात. त्या धुऊन जाड कढईत मध्यम आचेवर सतत हलवत भाजायच्या. आच मोठी ठेवली तर बाहेरून करपतात, आत कच्च्या राहतात, आणि कॉफीला कच्च्या गवतासारखी चव येते. तडतडून गडद तपकिरी झाल्या, वर तेलाची चमक दिसू लागली की उतरवायच्या, फोलपटं फुंकायची, खलबत्त्यात कुटायच्या. कॉफी उकळायची ती जेबेनात, म्हणजे गोल बुडाच्या, उंच मानेच्या मातीच्या सुरईत. पाणी उकळलं की पूड घालायची, फेस मानेत चढला की उतरवून गवताच्या चुंबळीवर चार-पाच मिनिटं ठेवायची, गाळ खाली बसेपर्यंत. मग उंचावरून बारीक धार धरून सगळे कप एका दमात भरायचे. मध्येच सुरई सरळ केली की गाळ ढवळतो आणि पुढचे कप गढूळ होतात.

आता तिसरा कप. त्याच गाळावर पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा उकळतात. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या कपाची नावं अनुक्रमे अबोल, तोना, बरेका. कॅफीन गरम पाण्यात चटकन उतरतं, त्यामुळे तिसरी कॉफी पहिलीपेक्षा खूपच सौम्य असते. एवढं अर्धसत्य पदरात घाला. पण सौम्य म्हणजे शून्य नाही, आणि काही जणी मध्येच थोडी ताजी पूड घालतात. गरोदरपणात दिवसभराचं सगळं कॅफीन मिळून २०० मिलिग्रॅमपर्यंत, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितलंय. त्यात चहाही धरायचा, आणि अबोलसुद्धा.

“सोबत काही खाऊ नका” हे कुणी लिहिलं असेल, त्याने ही कॉफी कधी पाहिलेली नाही. खाणं नसेल तर पाहुणचारच अपुरा राहतो. फंदिशा म्हणजे मक्याच्या लाह्या. कोलो म्हणजे भाजलेलं जव, त्यात हरभरे, शेंगदाणे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी-शुक्रवारी प्राणिज काही खात नाहीत, त्या दिवशीही हे दोन्ही चालतं. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतात आणि शेजारच्या इरिट्रिया देशात हिंबाशा नावाची जाडसर गोल भाकर असते, वर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. आणि दाबो कोलो, जे आपल्याकडे सहज जमेल : २ कप कणीक, २ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा तिखट, पाव कप तेल, लागेल तसं अर्ध्या कपापर्यंत पाणी. शंकरपाळ्यांसारखं घट्ट मळायचं, पेन्सिलीएवढ्या वळ्या करून हरभऱ्याएवढे तुकडे कापायचे आणि १८० अंशांवर अर्धा तास भाजायचे, मध्ये दोनदा हलवून. पीठ सैल झालं तर ते चिवट होतात. कोमट असताना बरणीत भरले तर मऊ पडतात.

रक्त वाढतं हा दावा तर उलटाच आहे. १९८३ साली अमेरिकेतल्या पोषणशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात मॉर्क, लिंच आणि कुक यांचा अभ्यास छापून आला. जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतली तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. जेवणानंतर तासाभराने घेतली तरी तेवढंच घटलं; जेवणाच्या तासभर आधी घेतली तेव्हा घटलं नाही. चहाने तर ६४ टक्के घटलं होतं, त्यामुळे चहावाल्यांनीही खूश होऊ नये. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. लोहाची गोळी चालू असलेल्या बाईला “ही कॉफी घे” म्हणून सांगणं हा शुद्ध अपाय आहे.

राहिली ३००० वर्षं. कॉफी पिण्याचे भरवशाचे उल्लेख पंधराव्या शतकातल्या येमेनच्या सूफींपासून मिळतात. झाड इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडच्या जंगलातलं, हे खरं; पण तिथल्या चर्चला कॉफी मुसलमानांचं पेय वाटे, आणि ख्रिस्ती घरांत ती रुळली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुसऱ्या मेनेलिक राजाच्या काळात.

हा संदेश तुम्ही पुढे पाठवला असेल तर ज्यांना पाठवला त्यांना आज फोन करा. बाकी काही नाही सांगितलं तरी कोळशाचं तेवढं सांगा.