आयएमपीचा गठ्ठा आणि कॅलेंडरची पाठ

सेमिस्टरचे पेपर तोंडावर आले की नाशकात कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्यांकडे उभं राहायला जागा नसते. "क्वांटमचे आयएमपी आलेत का?" म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सच्या पेपरात हमखास येणाऱ्या प्रश्नांचा गठ्ठा. मीही कधीकाळी तिथे हेच विचारलंय. टीवायला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला, असल्याच एका गठ्ठ्यावर भिस्त ठेवली, पेपरात डेरिव्हेशन अर्ध्यात अडकलं आणि विषय राहिला. गठ्ठ्याला बोल लावून उपयोग नाही. त्यातलं प्रत्येक पान ओळखीचं होतं, येत एकही नव्हतं.

परवा सिडकोतली आमच्या शेजारची मुलगी वही घेऊन आली. वही नुसती बघत राहावी अशी, तीन रंगांचे हायलाइटर, सूत्रांना चौकटी. "काका, पार्टिकल इन अ बॉक्स चारदा वाचलंय. पाठ आहे." दोन भिंतींमध्ये कोंडलेल्या कणाचं हे क्वांटममधलं नेहमीचं डेरिव्हेशन.

वही मांडीखाली घेतली आणि जुन्या कॅलेंडरचं पान पालथं करून तिच्यापुढे ठेवलं. श्रोडिंजरचं समीकरण तिने झरझर लिहिलं. साइन आला, कोसाइन आला, मग कोसाइन खोडला. का गं? "वहीत तसंच आहे." अगं, भिंतीपाशी, एक्स शून्य असताना, वेव्ह फंक्शन (कणाचं वर्णन करणारं, आपण शोधतोय ते फल) शून्य व्हायला हवं आणि कोसाइन तिथे एक असतो. कारण एवढंसंच, पण ते हातातून सुटलं की पुढे नुसती घोकंपट्टी.

मग न्यूमेरिकल. १ नॅनोमीटरच्या बॉक्समधल्या इलेक्ट्रॉनची सगळ्यात खालची ऊर्जा काढ म्हटलं. उत्तर आलं ६ गुणिले १० चा उणे २९ वा घात ज्यूल. सूत्रात छेदातल्या बॉक्सच्या लांबीचा वर्ग करायचा राहिला, चूक अब्ज पटीची! ओळीओळीला एककं लिहिली असती तर ज्यूलऐवजी ज्यूल-मीटर दिसून चोर तिथेच सापडला असता. खरं उत्तर ०.३७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. एचसी (प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग) म्हणजे १२४० इलेक्ट्रॉन व्होल्ट-नॅनोमीटर आणि इलेक्ट्रॉनची विरामऊर्जा ५.११ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, हे दोन आकडे जिभेवर असतील तर गणित दोन ओळींचं आहे. (पाठांतराशी माझं वैर नाही. मॅक्सवेलची चार समीकरणं पाठच हवीत.)

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा वाचण्यातच चारही फेऱ्या घालवल्या, काहींनी एका फेरीत वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारेच पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. उतारे साधे होते, फिजिक्स नव्हतं, मान्य. पण "रात्री सगळं येत होतं हो काका" ही रड कुठून येते ते मला त्यात दिसलं.

आता दिवस कमी, रात्र थोडी सोंगं फार. म्हणून अख्खी वही सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवत बसू नका. कोऱ्या कागदावर सुरू करा, अडलात तिथे लाल खूण करा, पुस्तकातली तेवढीच ओळ बघा, पुस्तक मिटा आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवसांनी तेच परत. कंटाळा येतो, चिडचिड होते. आमच्या या शेजारच्या मॅडम तर मधेच रुसून चहा करायला आत गेल्या.

रविवारी संध्याकाळी ती अजून दोन मैत्रिणींना आणतेय. नोट्स घरी ठेवून या, असं बजावलंय. जुनी कॅलेंडरं माझ्याकडे ढीगभर आहेत.