कापसावरचं मांजर अन् रांजणाजवळचं कुत्रं

भाव वाढायची वाट पाहत ज्या घरात कापूस पडून आहे, त्या घरातल्या मांजरासारखं सुख कोणालाच नाही. बाहेर थंडी, खोलीत छातीएवढा ढीग, अन् त्यावर बाईसाहेब पुढचे पाय आळीपाळीनं दाबत, डोळे मिटून घुरघुरत बसलेल्या. पिल्लू असताना दूध उतरावं म्हणून मायच्या पोटावर असंच दाबायचं; मऊ काही सापडलं की ती सवय म्हातारपणीही जागी होते. इथवर खुशाल व्हिडिओ काढा. पण सैल अन् उकरता येणारी जागा मांजराला संडासासारखीही वाटते, तिथं हसू आटपतं.

ओरडून काही होत नाही. तुमच्यासमोर करायचं नाही, एवढंच ते शिकतं. ढीग सुती चादरीनं झाका. प्लास्टिकचं पोतं नको, त्याचे धागे कापसात जातात. दुसऱ्या कोपऱ्यात घमेल्यात चार बोटं रेती ठेवा अन् घाण रोज उचला, नाहीतर स्वारी परत कापसावर. मातीच्या जमिनीवर मुतलं असेल तर वरून सारवणं पुरत नाही. इंचभर माती खरवडून फेका, मग सारवा. वास राहिला की तीच जागा पक्की होते. फिनाईल तर नकोच. मांजर पाय चाटतं, अन् फिनाईलमधलं फिनॉल त्याच्या शरीराला निस्तरता येत नाही, विषबाधा होते. वाटीभर दूध पाजायचा लाडही आवरा. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही, हगवण लागते, अन् मग घमेल्यापर्यंत पोचायची सवड कोणाला?

ओट्यावरचा गिलास पंजानं ढकलून खाली पाडणं मात्र निव्वळ टवाळी. पडला की तुम्ही धावत येता, हे त्याला कळलेलं असतं. धावू नका.

कुत्र्याचं नाटक मे महिन्यात रंगतं. पारा 45 च्या वर गेला की रांजणाजवळ, नाहीतर लिंबाच्या आळ्यात खड्डा हजर. लोक काठी उचलतात. काहून बाप्पा? कुत्र्याला घाम येतो तो जवळपास तळपायापुरताच. बाकी सगळी भिस्त जीभ काढून धापण्यावर. वीतभर खालची ओली माती थंड असते, म्हणून ते पोट टेकवायला खणतं. बुजवला तर शेजारी दुसरा खणेल.

त्यापेक्षा दिवसभर सावली राहील अशा जागी दोन फूट रुंद, अर्धा फूट खोल खड्डा तुम्हीच करून द्या, रेती भरा, दुपारी पाणी शिंपडा. पहिले काही दिवस त्यात भाकरीचा तुकडा पुरा, जागा आपोआप कळते. जुन्या खड्ड्यात मुठीएवढे दगड टाका. साखळीनं बांधत असाल तर सावली सरकते हे ध्यानात ठेवा; बाराची सावली चारला तिथं नसते. लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल लटपटली तर तो उष्माघात समजा. पोटावर अन् पायांवर पाणी ओता, वारा घाला अन् लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

राहिला दारात आणून टाकलेला मेला उंदीर. मांजराचं कौतुक करा, पण आसपास कोणी उंदरांसाठी विषाचं आमिष ठेवलं असेल तर तो मांजराला किंवा कुत्र्याला खाऊ देऊ नका. काडीनं उचलून खोल पुरा.