निकाल : दोन पूर्णांक तीन

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरात पहिला डोळा जातो तो जुन्या कॉम्प्युटरांवर. हॉलमधला माझा डेस्कटॉप, हिचा लॅपटॉप आणि भाच्याने आमच्याकडे 'चार दिवस' म्हणून ठेवलेला गेमिंगचा डबा. "एकच राहील," हिने बजावलं. त्यात स्वतःचा लॅपटॉप तिने धरलाच नव्हता.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तिन्हींवर विंडोज 7 आहे ना? कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज. तिथे विंडोजने कॉम्प्युटरला दिलेलं रेटिंग दिसेल."

हे अण्णांनी ऐकलं आणि घात झाला. अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. लगेच वही आली, रकाने आखले गेले: प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स, गेमिंगचं ग्राफिक्स, हार्ड डिस्क. गुण 1.0 ते 7.9. ते सरासरी काढायला बसले तेव्हा मी सांगितलं, इथे सरासरी नसते. पाचांत जो सगळ्यात कमी तोच एकूण निकाल.

"म्हणजे एका विषयात गेला की गेला!" अण्णांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात बोर्ड." (पुढे विंडोज 8.1 मध्ये हे गुण दाखवणंच बंद झालं, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

माझ्या डेस्कटॉपला प्रोसेसर, मेमरीत साडेपाचच्या आसपास, डिस्कला 5.9. ग्राफिक्स मात्र मदरबोर्डवरचंच, स्वतःची मेमरी नाही, रॅममधून उसनवारी. 2.3. निकाल 2.3.

भाच्याचं ग्राफिक्स कार्ड दणदणीत, पण डिस्क 5.9 वर अडलेली. फिरत्या तबकडीची डिस्क या परीक्षेत सहसा त्याच्या वर जातच नाही. शिवाय रॅम 4 जीबी बसवलेली, वापरता येते 3.25.

"पाऊण जीबी कोणी खाल्ली?" अण्णा चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले.

मी समजावलं, की विंडोज 32-बिटची आहे, तिच्याकडे मेमरीचे पत्ते मोजून 4 जीबीचेच, आणि त्यातलेच काही ग्राफिक्स कार्ड वगैरे मंडळींना द्यावे लागतात. अण्णांनी शेरा लिहिला: 'हिशेब जुळत नाही.'

मी इरेला पेटलो. माझ्या डब्यात एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची डिस्क, बसवली. पूर्वी बटण दाबून चहा टाकायचो, पिऊन व्हायचा तरी डेस्कटॉप यायचा नाही. आता चष्मा पुसेपर्यंत समोर हजर. खरं सांगतो, जुन्या मशीनला याहून मोठं टॉनिक नाही. डिस्कचे गुण सातच्या वर गेले. मी विजयी मुद्रेने अण्णांना बोलावलं. पुन्हा चाचणी लावली, स्क्रीन लुकलुकली, निकाल आला.

2.3.

"अरे, गणितात पहिला आलास, पण इंग्रजीत गेलास ना," अण्णा म्हणाले.

राहिला हिचा लॅपटॉप. त्यावर गुणच नव्हते. चाचणी करावी तर ती बॅटरीवर होत नाही, चार्जर लावावाच लागतो. आणि चार्जर काही केल्या सापडेना. अण्णांनी नियमाप्रमाणे रकान्यात 'गैरहजर' लिहिलं. गैरहजराला नापास कसं करणार?

भाऊबीज झाली आणि चार्जर हिच्याच कपाटात साड्यांखाली निघाला. तोवर माझा डबा एसएसडीसकट माळ्यावर पोचला होता.